जुनेर, चीवर आणि जयंतीचे कोरे कपडे



भीमजयंतीच्या तयारीसाठी सोयगावात आमची बैठक बसली होती. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, डीजे की व्याख्यान हे दरवर्षीचे वाद होऊन गेले. उठायची वेळ आली तेव्हा संभाजीनगरला कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक ठराव मांडला. यंदा जयंतीला कोणीही नवे कपडे घेऊ नयेत. घरात आहेत तेच धुऊन, शिवून, मापात करून घालावेत, नाहीतर आपसात अदलाबदल करावी. वाचलेले पैसे अभ्यासिकेला द्यावेत. आजकाल शहरात याला थ्रिफ्टिंग म्हणतात, जुन्या कपड्यांतून स्वतःची स्टाइल करणारी मुलेमुली इन्स्टाग्रामवर हजारोंनी आहेत, एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागते, वगैरे त्यांनी नीट मांडले. मुलींचा अभ्यास चांगला होता.

तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी बोलल्या. "पोरीहो, माझ्या मायनं जलमभर दुसऱ्याचं जुनेर नेसलं. मला पहिलं कोरं लुगडं घेतलं ते जयंतीला. आन तुमी म्हंता जयंतीला जुनं घाला?"

बैठक गप्प झाली. मुलींना काय बोलावे कळेना. एकाने "आजी, काळ बदललाय" असे म्हणून पाहिले, पण ते त्यालाच पटले नसावे. ठराव तहकूब झाला आणि या विषयावर पुढच्या बैठकीत मांडणी करायचे काम आमच्याकडे आले. ती मांडणी इथे देत आहोत. हा वाद एकट्या सोयगावचा नाही. ज्या समाजाला शतकानुशतके जुने कपडे घालायला लावले, त्या समाजाच्या नव्या पिढीला जग आता सांगते आहे की जुने कपडे घालणे हे पुरोगामी आहे, पर्यावरणाचे रक्षण आहे, फॅशन आहे. याला आपण काय उत्तर द्यायचे? उत्तर द्यायचे तर आधी इतिहास पाहावा लागेल.

जुनेर हा शब्द आजच्या पोरांना ठाऊक नसेल. नेसून नेसून विरलेले, मालकिणीच्या उपयोगाचे न राहिलेले लुगडे म्हणजे जुनेर. ते बाळंतपणात, सणासुदीला किंवा सुगीतल्या राबणुकीच्या बदल्यात महारवाड्यात यायचे. मजुरीच्या जागी ते मिळत होते, पण देताना भाषा उपकाराची असायची. आलेले जुनेर बहुधा मधोमध फाटलेले असे. मग फाटका भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडून शिवायचे. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे नेसलेली बाई लांबून ओळखू येई.

आणि हे तरी जिवंत माणसाच्या अंगावरचे. मयताच्या अंगावरचे कापड हा महाराचा हक्क म्हणून गावगाड्यात मानला जाई. 'हक्क' हा शब्द कसा वापरला आहे बघा. बलुतेदारीत ज्यांना पाणी, देऊळ, शाळा कशावरच हक्क नव्हता, त्यांना प्रेतावरच्या कापडावर हक्क दिला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे हेच दुखणे होते. वतनाच्या आणि बलुत्याच्या नावाखाली माणसाला रोख पगार मिळत नाही, शिळी भाकर आणि उतरलेले कापड मिळते, आणि तो त्यातच अडकून राहतो. आपला हा मुलूख तर तेव्हा मुंबई कायदेमंडळाच्या कक्षेतही नव्हता. सोयगाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कायदेमंडळातल्या त्या वादाचा आवाज अजिंठ्याच्या डोंगराअलीकडे पोचायला वेळ लागला.

हे सगळे केवळ गरिबीमुळे घडले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गरिबी तर कुणब्याच्या घरातही होती. मग कपड्याचा नियम आमच्याच वाट्याला का? मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून पाहा. बावन्नाव्या श्लोकात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे एकशे पंचविसाव्या श्लोकात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत अशी आज्ञा आहे. एक नियम मेलेल्यांच्या कपड्यांचा आणि एक नियम जुन्या कपड्यांचा. आजीच्या आईच्या अंगावर आलेले जुनेर आणि मयतावरचे कापड या दोन्ही गोष्टी तिथे लिहून ठेवल्या आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले, त्यात आमच्या अंगावर काय असावे हेही होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. आपल्याला पाणी आठवते. कपडा आठवत नाही.

नियमाची दुसरी बाजू याहून बोलकी आहे. नवे कापड परवडले तरी घालू द्यायचे नाही. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. जानेवारी १९२८ मध्ये ते वर्तमानपत्रात छापून आले होते. तिथल्या पंधरा-वीस गावांतल्या सवर्णांनी, पाटलांसकट, बलायांना अटी कळवल्या. जरीकाठी पगडी बांधायची नाही. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि चांगले कपडे घालायचे नाहीत. बलायांनी नकार दिला तेव्हा विहिरी बंद झाल्या, गुरे चारायला जागा बंद झाली आणि कुटुंबांना गाव सोडावे लागले. इंदूर म्हणजे होळकरांचे, मराठी राज्य. लांबचे काही नाही.

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल लिहिले आहे. महार बाईने निऱ्यांचा काठ दिसणार नाही असा दडवून नेसायचे. काठ दाखवण्याचा मान वरच्या जातीच्या बाईचा. एक बोटभर काठ! त्याचाही पहारा होता. तेव्हा कापड जुने आहे की नवे, हा गावाचा खरा प्रश्न कधीच नव्हता. अंगावरच्या कापडावरून माणसाची जात लांबून कळली पाहिजे, एवढी सोय गावाला हवी होती.

ही सोय मोडली की काय होते, हे बाबासाहेबांनी लहानपणीच अनुभवले. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून ते, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. वडील सुभेदार, पैसे आलेले, म्हणून मुलांसाठी विलायती बनावटीचे सदरे, भरजरी टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे अशी खरेदी झाली होती. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाची मुले वाटली. मुलांनी खरी जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा बदलला. पुढे गाडीवाल्यांनी गाडी हाकायला नकार दिला, दुप्पट भाडे देऊन मुलांना गाडी स्वतःच हाकत न्यावी लागली आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. कोऱ्या कपड्यांनी जात जात नाही, हे नऊ-दहा वर्षांच्या भीमाला त्या स्टेशनवर कळले. पण मास्तर तेवढा वेळ फसला होता, हेही खरे. जन्मतःच माणसात काही फरक असता, तर तो सदऱ्याने झाकला गेला नसता.

आता महाडकडे येऊ. डिसेंबर १९२७ च्या त्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. त्यात कपड्यांवर जितका भर आहे तितका क्वचितच कुठल्या राजकीय पुढाऱ्याच्या भाषणात सापडेल. स्पृश्य स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, जातीची ओळख सांगणारे जडशीळ दागिने टाका, तुम्ही काय ल्यावे यावर कोणाची बंदी नाही, असे त्यांनी सांगितले. महाडच्या टिपणीस आणि चित्रे कुटुंबांतल्या स्त्रियांनी तिथेच बायकांना घोट्यापर्यंत लुगडे नेसायला शिकवले. दुसऱ्या दिवशी त्या बायका घरी परतल्या त्या वेगळ्या दिसत होत्या.

पण त्या भाषणातले एक वाक्य आमच्या वादात फार महत्त्वाचे आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. बाबासाहेबांनी बायकांना नवे लुगडे विकत घ्या असे सांगितले नाही. लुगड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असू द्या, असे ते म्हणाले. समोर बसलेल्या बायकांच्या घरी नव्या लुगड्याचे पैसे नाहीत हे त्यांना माहीत होते. नेसण्याची पद्धत बदलायला पैसा लागत नाही. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर महाडला जे झाले ते स्टायलिंगच होते. कापड तेच, ठिगळ तेच, पण ते अंगावर कसे येईल हे नेसणारीने ठरवायचे. गावाने ठरवायचे नाही.

रमाईंची एक आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाबासाहेबांच्या सत्काराला जायला रमाईंकडे धड लुगडे नव्हते, तेव्हा बाबासाहेबांना मानाचा म्हणून मिळालेला भरजरी फेटाच त्या लुगड्यासारखा नेसून गेल्या. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. आम्हाला त्यात रमाईंची हुशारीही दिसते. घरात जे कापड होते त्यातून त्यांनी प्रसंगाला साजेसे वस्त्र केले आणि ताठ मानेने सभेत बसल्या.

बाबासाहेबांच्या सुटाबद्दल इतके लिहून झाले आहे की आम्ही भर घालत नाही. १९२१ साली गांधीजींनी मदुराईत अंगावरचे कपडे कमी केले आणि बाबासाहेबांनी कधी केले नाहीत, ही तुलना सर्वांना पाठ आहे. ज्याच्याकडे कपडे होते तो ते उतरवू शकत होता. एवढेच. मात्र हेही ध्यानात ठेवा की ज्या माणसाने जुने कापड नाकारले, त्याने जुनी वस्तू म्हणून कुठलीच वस्तू नाकारली नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी जवळपास दोन हजार पुस्तके जमवली होती. दुसऱ्याने वाचून टाकलेली पुस्तके घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण ती त्यांनी निवडून, पैसे मोजून घेतली होती.

इथून आम्ही थोडे मागे जातो, आणि त्यासाठी तालुक्याबाहेर जायची गरज नाही. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. फर्दापूरहून आपण कितीदा तरी वर गेलो असू. तिथल्या भिंतींवर राजे, दासी, व्यापारी यांच्या अंगावरचे पट्ट्यांचे, नक्षीचे कापड पाहायला जगभरातून माणसे येतात. त्या लेण्यांत जे भिक्खू राहत होते त्यांच्या अंगावर काय होते, असे मात्र कोणी विचारत नाही. त्यांच्या अंगावर चीवर होते. आणि चीवराचा जुना प्रकार म्हणजे पंसुकूल. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या वेचायच्या, धुवायच्या, कापून जोडायच्या, रंगवायच्या आणि पांघरायच्या. तथागतांनी मगधातल्या भातशेतांचे बांध दाखवून आनंदाला तसे चीवर शिवता येईल का विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते शिवले, असे विनयपिटकात आहे. ठिगळ लपवायचे नाही. त्याचीच नक्षी करायची.

वाचणाऱ्याला इथे ठेच लागायला हवी. स्मशानातले कापड? ते तर मनूने आम्हाला नेमून दिलेले! मग तथागत आणि मनू एकच सांगतात का?

महाकस्सपाची कथा वाचा. तो जन्माने ब्राह्मण, श्रीमंत घरातला. त्याच्या अंगावर मऊ वस्त्र होते. ते घडी करून त्याने तथागतांना बसायला दिले. तथागत म्हणाले, मऊ आहे. कस्सप म्हणाला, आपणच घ्यावे. तथागतांनी विचारले, मग माझे ताग्याचे जुने पंसुकूल तू वापरशील का? कस्सपाने ते घेतले आणि जन्मभर अभिमानाने वापरले. अट्ठकथा सांगते की ते कापड पुण्णा नावाच्या दासीच्या प्रेतावरचे होते. आता मांडणी बघा. दासीच्या प्रेतावरचे कापड शाक्यकुलातला माणूस वापरतो आणि तेच पुढे ब्राह्मणकुलातला माणूस मागून घेतो. मनूच्या नियमात कापड वरून खाली येते आणि ते कोणाकडे जाणार हे जन्माआधी ठरलेले असते. संघात ते कोणाकडूनही कोणाकडेही जाते आणि घेणारा ते स्वतः निवडतो. कापड तेच असले तरी दोन्ही व्यवहारांत काहीही साम्य नाही.

निवडीचा हा मुद्दा संघाने नियमातही आणला. जीवक वैद्याला उज्जेनीच्या राजाकडून उंची वस्त्र मिळाले, ते त्याने तथागतांना अर्पण केले आणि भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली. ज्याला पंसुकूल वापरायचे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थांचे चीवर घ्यायचे त्याने ते घ्यावे. पुढे देवदत्ताने पाच मागण्या केल्या, त्यातली एक अशी की सर्व भिक्खूंनी आयुष्यभर पंसुकूलच वापरावे, दुसरे घेईल तो दोषी. ऐकायला ही मागणी किती त्यागाची वाटते! तथागतांनी ती फेटाळली. ज्याची इच्छा असेल त्याने वापरावे, सक्ती नाही. आमच्या दोन मुलींचा ठराव चांगल्या हेतूचा होता, पण 'कोणीही नवे घेऊ नये' या तीन-चार शब्दांत देवदत्ताची मागणी नकळत येऊन बसली होती. आजींना खटकले ते तेच असावे.

आणि टिकाऊपणाचे म्हणाल तर कोसंबीच्या उदेन राजाची गोष्ट या पोरींनी जरूर वाचावी. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजाच्या राणीवशाने आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजा चिडला. हा श्रमण कापडाचे दुकान टाकणार आहे की काय? त्याने आनंदाला गाठून विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्या भिक्खूंची चीवरे विरली त्यांना देणार. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे? पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. त्या अंथरणांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि फडकी जुनी झाली की? त्यांचे तुकडे करून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. सस्टेनेबल वॉर्डरोब म्हणून आज जे परदेशी मासिकांतून शिकवले जाते, ते चुल्लवग्गात इतके तपशीलवार लिहिलेले आहे.

आमच्या आयाबायांना ही गोष्ट वाचायची गरज पडली नाही. विरलेल्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीची चिंधी होते, चिंधीचे पोतेरे. कापूस वेचायला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालायचा, म्हणजे पळकाट्या हातांना ओरबाडत नाहीत, आणि कापसाची झोळी जुन्या साडीचीच बांधायची. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यातली ही रोजची रीत आहे. पण या रीतीचे गोडवे कोणी गाऊ लागले की आम्ही सावध होतो. 'तुमचे पूर्वज किती निसर्गस्नेही होते' असे म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात 'मग तसेच राहा' म्हणणार असतो. ज्याला दुसरा सदराच नव्हता त्याच्या एका सदऱ्याला पर्यावरणप्रेम म्हणणे ही त्याची थट्टा आहे.

गेल्या दिवाळीआधी शहरातून एक टेम्पो आमच्या वस्तीवर आला होता. कोणाचा ते सांगत बसत नाही. जुन्या कपड्यांची पोती उतरली, मुलांची रांग लागली, बॅनर धरून फोटो निघाले. आमच्या शेजारच्या आठवीतल्या मुलीच्या हाती चेन तुटलेला, घामाने काखेत पिवळा पडलेला पार्टी गाऊन आला. ती तो घडी करून घरी घेऊन गेली आणि तिच्या आईने त्याची फडकी केली. देणाऱ्याचे कपाट रिकामे झाले, त्याला पुण्य लागले आणि कचरा आमच्याकडे आला. जुनेर देण्याघेण्याची हीच रीत होती. आता तिला बॅनर आला आहे.

जगाच्या पातळीवरही हेच चालले आहे. आफ्रिकेतल्या घाना देशात, अक्रा शहरात, कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला तिथे मोठी आग लागून हजारो गाळे जळाले. युरोप-अमेरिकेतून गाठोडी भरभरून जे जुने कपडे तिथे येतात, त्यांना स्थानिक भाषेत 'ओब्रोनी वावू' म्हणतात. अर्थ, मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके चांगले कपडे कोणी जिवंतपणी टाकेल यावर सुरुवातीला लोकांचा विश्वास बसला नाही म्हणे. घानाच्या माणसाने मनुस्मृती वाचलेली नाही, पण वरून खाली येणाऱ्या कापडाला त्यालाही प्रेताचाच वास आला. आपल्याकडे हे कपडे परवान्याशिवाय बाजारात विकता येत नाहीत. ते कांडल्याला उतरतात, तिथे बायका दिवसभर त्यांची निवड करतात आणि बरेचसे पुन्हा परदेशी जातात. लोकरीचे कपडे पाणिपतला जाऊन त्यांचे पुन्हा सूत होते. पुराच्या, भूकंपाच्या वेळी वाटतात त्या करड्या ब्लँकेटी अशाच तयार होतात. देशातल्या देशात जुने कपडे गोळा करण्याचे काम बोहारणींचे. मुंबईत भांड्यांच्या बदल्यात कपडे घेत दारोदार फिरणाऱ्या या बायका प्रामुख्याने वाघरी समाजाच्या. त्या कपडे शिवतात, धुतात, इस्त्री करतात आणि पहाटेच्या बाजारात विकतात. तोच शर्ट चार हातांनंतर मोबाइलवर 'व्हिंटेज' होतो, किंमत पाचपट होते, आणि बोहारणीला मात्र इमारतीत शिरायलाही मज्जाव असतो. थ्रिफ्ट करणाऱ्या आमच्या पोरांनी निदान या बाईशी घासाघीस करू नये.

मग नवेच घ्यावे काय? नव्या स्वस्त कपड्यामागेही माणसेच आहेत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली तेव्हा ११३४ कामगार मेले. बहुतेक तरुण बायका, आणि त्या शिवत होत्या ते कपडे जगातल्या नामांकित कंपन्यांचे. दोनशे रुपयांत मिळणारा टी-शर्ट तीन धुण्यांत विटतो आणि त्याच्या कापसाला भाव मिळाला नाही म्हणून कोणीतरी आपल्याच तालुक्यात रडत असतो. मुलींचे म्हणणे इथे खरेच आहे. जुने वापरण्यात शहाणपण आहे. फक्त ते शहाणपण आमच्यावर कोणी ओतायचे नाही, आम्ही ते उचलायचे.

उचलायचे म्हणजे काय, ते नेमके सांगतो, कारण मुलाखतीला जाणारी आमची पोरे कपड्यांपायी अजूनही अडतात. नवा ब्लेझर महाग पडतो, शहरातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात चांगला बराच स्वस्तात मिळतो. घेताना फक्त खांदा बघा. खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडावर आली पाहिजे, कारण खांदा बदलायला शिंपी जास्त पैसे घेतो आणि तरी नीट जमत नाही. बाही लांब असेल, कंबर ढगळ असेल तर ते थोडक्यात मापात होते. काख, कॉलर आणि अस्तर उलटून बघा. कापड उजेडाकडे धरून बघा, विरलेले असेल तर ठेवून द्या. आणल्यावर शर्ट-पँट गरम पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ब्लेझर असेल तर ड्रायक्लीनला द्या. गुंड्या बदलल्या की निम्मे काम होते. सुती साडीचा काठ चांगला आणि अंग विरलेले असेल तर काठ उतरवून साध्या कुर्त्याला लावा. बेबीताईंच्या काळात जो काठ दडवावा लागे, तो गळ्याभोवती, बाहीवर, समोर दिसेल असा लावा. आणि ठिगळ लावायचे तर ते महाडच्या बायकांसारखे स्वच्छ असू द्या.

यावर कोणी म्हणेल, कपड्यांचा एवढा काथ्याकूट कशाला, ते प्रश्न आता संपले. मे २०२३ अखेरीस गुजरातमध्ये बनासकांठा जिल्ह्यातल्या मोटा गावात एका दलित तरुणाला मारहाण झाली. चांगले कपडे आणि डोळ्यांवर गॉगल, हे मारणाऱ्यांना खुपले. बलायांना अटी कळवल्या त्याला तेव्हा पंचाण्णव वर्षे झाली होती. त्या तरुणाचा शर्ट नवा होता की जुन्या बाजारातला, हे मारणाऱ्यांनी विचारले नसणार.

दुसऱ्या बैठकीत आम्ही हे सगळे मांडले. चर्चा दोन तास चालली आणि मुलींनी आपला ठराव स्वतःच दुरुस्त केला. जयंतीला ज्याला कोरे घ्यायचे आहे त्याने घ्यावे, त्यावर कोणी बोलायचे नाही. अभ्यासिकेत एक कपाट ठेवायचे. त्यात फक्त धुतलेले, शिवलेले, गुंड्या असलेले कपडे येतील. देणाऱ्याचे नाव लिहायचे नाही, फोटो काढायचा नाही, आणि कपाटातून नेणाऱ्याने कधी ना कधी कपाटात ठेवायचे. बाहेरून टेम्पो आला तर पोती आधी आपण उघडून बघायची. आजींनी विचारले, फाटकं कोण शिवनार? एकीने हात वर केला. मशीन आजींच्या घरी आहे, पण तिचा पट्टा तुटला आहे. पाचोऱ्याला कोणी जाणार असेल तर त्याने तेवढा घेऊन यावा.